मशीन लटकल्यावर पॉवर बटण दाबण्याआधीची दोन मिनिटं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: १६ जीबी रॅमचा लॅपटॉप, त्यावर तीन महिन्यांपासून फेडोरा लिनक्सची रॉहाइड शाखा. दिवसातून एक-दोनदा मशीन हँग होतं. कधी मोठा सी प्लस प्लस प्रोजेक्ट कंपाइल होत असताना, कधी नुसता व्हिडिओ चालू असताना. मग पॉवर बटण दाबून धरण्यावाचून इलाज उरत नाही. परत चालू करून लॉग चाळला तर त्यात काहीच सापडत नाही. दोनदा फॉरमॅट मारून पाहिलं, फरक पडला नाही. आता कुठला ड्रायव्हर बदलू?

आत्ता कुठलाच बदलू नका, आणि तिसऱ्यांदा फॉरमॅट तर अजिबात मारू नका. रॉहाइड ही फेडोराची अशी शाखा आहे की तिथे रोज नवी पॅकेजेस येऊन पडतात, आणि कर्नलही, म्हणजे हार्डवेअर सांभाळणारा लिनक्सचा गाभाही, बहुतेक वेळा अजून प्रसिद्ध न झालेला, आरसी (रिलीज कँडिडेट) अवस्थेतला असतो. फॉरमॅट मारून तुम्ही पुन्हा तीच आजची पॅकेजेस टाकता. दोष पॅकेजमध्ये असेल तर तो तुमच्याबरोबर परत येतो, आणि डिस्कवर जो काही पुरावा होता तो मात्र कायमचा जातो.

तुमचं वर्णन मी तीनदा वाचलं. मला त्यात एक आजार दिसत नाही, दोन दिसतात. कंपाइल करताना, तुम्हीच लिहिलंय, माउस आधी अडखळत चालतो, मग थांबतो, आणि पंखा जोरात फिरत राहतो. व्हिडिओच्या वेळी मात्र चित्र एका क्षणात गोठतं, पण आवाज पुढे दहा-पंधरा सेकंद नीट ऐकू येतो. दोन्हींना आपण हँगच म्हणतो, म्हणून कारणही एकच असणार असं वाटत राहतं. मग एकाचं औषध दुसऱ्याला दिलं जातं, गुण येत नाही, आणि माणूस फॉरमॅटवर येतो. तेव्हा पहिलं काम म्हणजे प्रत्येक हँग वेगळा नोंदवायचा. काय चालू होतं, आधी काय थांबलं, नंतर काय थांबलं.

पुढच्या वेळी मशीन लटकलं की हात पॉवर बटणाकडे जाऊ देऊ नका. घड्याळात बघून वेळ लिहा, सेकंदासकट. मग मशीन किती खोलवर जिवंत आहे ते वरून खाली तपासत जा. दोन मिनिटांचं काम आहे.

माउस हलतोय का, आवाज चालू आहे का, हे आधी पाहा. आवाजाचा एकच छोटा तुकडा ग्रामोफोनची सुई अडकल्यासारखा पुन्हा पुन्हा वाजत असेल तर साउंड चिपला नवा मजकूर मिळत नाहीये, म्हणजे गोष्ट खोलवर गेली आहे. आवाज नीट पुढे सरकत असेल तर प्रोसेसर, मेमरी आणि निदान एक प्रक्रिया (चालू प्रोग्राम) ठणठणीत आहेत.

कॅप्स लॉकचा दिवा लागतो का बघा, हा सल्ला तुम्हाला सगळीकडे मिळेल. तो जुना आहे आणि आता अर्धवटच खरा आहे. वेलँड या आजच्या ग्राफिक्स पद्धतीत तो दिवा कंपोझिटरच्या, म्हणजे सगळ्या खिडक्या मिळून पडद्यावरचं चित्र जुळवणाऱ्या प्रोग्रामच्या, सांगण्यावरून लागतो. म्हणजे दिवा लागला तर कंपोझिटरही जिवंत आहे हे कळतं. पण नाही लागला म्हणून कर्नल मेला असा अर्थ होत नाही. कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबून टेक्स्ट कन्सोलवर जाण्याचंही तसंच, तो इशाराही कंपोझिटरच झेलतो. कित्येक लोक इथेच हार मानून बटण दाबतात.

खरा निकाल दुसऱ्या मशीनवरून लागतो. लॅपटॉपवर एसएसएच सर्व्हर (दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करू देणारा) चालू ठेवा, त्याचा आयपी पत्ता कागदावर लिहून ठेवा, आणि हँग झालं की फोनवरच्या टर्मिनल ॲपमधून आधी पिंग करा, म्हणजे जिवंत आहेस का असं नेटवर्कवरून विचारा, मग लॉगिन करायचा प्रयत्न करा. पिंगला उत्तर देतो तो कर्नल स्वतः. त्यासाठी कुठली प्रक्रिया जागी व्हावी लागत नाही, डिस्कही लागत नाही. एसएसएचला मात्र नवी प्रक्रिया सुरू करावी लागते, डिस्कवरून वाचावं लागतं, मेमरी मागावी लागते. म्हणून पिंग चालतो आणि एसएसएच लटकतो, तेव्हा संशय डिस्कवर किंवा मेमरीवर जातो. दोन्ही चालत असतील तर तुमचं मशीन हँग झालेलंच नाही, फक्त पडदा गोठला आहे. आणि पिंगही बंद असेल तर गोष्ट कर्नलपर्यंत किंवा त्याहून खाली, हार्डवेअरपर्यंत गेली आहे.

मराठी टाइप करणाऱ्यांसाठी एक वेगळी खूण सांगतो. माउस चालतो, खिडक्या बदलता येतात, पण एकही अक्षर उमटत नाही, आणि हे नेमकं इंग्रजीवरून देवनागरी कीबोर्डवर येताना झालं, तर तो हँग समजू नका. इनपुट मेथडची, म्हणजे दाबलेल्या कीचं देवनागरी अक्षर करणारी, प्रक्रिया अडकलेली असते. एसएसएचवरून तेवढीच मारली की सगळं पूर्ववत. मी स्वतः यासाठी मशीन रीस्टार्ट करणारे लोक पाहिले आहेत, आणि न जतन केलेला मजकूर त्यात गेला की फार वाईट वाटतं.

आता लॉगमध्ये काही का सापडत नाही ते सांगतो. दोन कारणं असतात. एक, बरेच जण चालू बूटचाच, म्हणजे मशीन आत्ता सुरू केल्यापासूनचाच, लॉग बघतात. मागच्या बूटचा कर्नल लॉग बघायचा तर लॉग दाखवणाऱ्या जर्नलसीटीएल कमांडला -के आणि -बी -१ हे दोन पर्याय द्यावे लागतात. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. सिस्टिमडी या सगळ्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामचा जर्नल (लॉगची वही) आलेली प्रत्येक ओळ लगेच डिस्कवर पक्की करत नाही. क्रिटिकल किंवा त्याहून गंभीर दर्जाची ओळ आली तर तो ताबडतोब पक्की करतो, बाकीच्यांसाठी नेहमीचा ठरलेला अवधी पाच मिनिटांचा आहे. ड्रायव्हरच्या बहुतेक तक्रारी एरर किंवा वॉर्निंग दर्जाच्या असतात. म्हणजे तुम्ही बटण दाबलंत की ज्या ओळी तुम्हाला हव्या आहेत नेमक्या त्याच मेमरीबरोबर पुसल्या जाण्याची शक्यता मोठी. जर्नलडीच्या कॉन्फिग फाइलमध्ये हा अवधी, सिंकइंटरव्हलसेक, दहा सेकंदांवर आणा. तपास संपेपर्यंत डिस्कवर थोडं जास्त लिहिलं जाईल, जाऊ दे.

आणि सिसआरक्यू चालू करा. हे आजच करा, हँगची वाट पाहू नका. कीबोर्डवर प्रिंट स्क्रीनच्या जागी असलेली ही जुनी की कर्नल थेट ऐकतो, कंपोझिटर मेलेला असला तरी. लॅपटॉपवर तिच्यासोबत एफएन दाबावं लागतं, आणि कंपनीगणिक जोडी बदलते, म्हणून मशीन चांगलं असतानाच सराव करून ठेवा. फेडोरात तिची नेमणूक १६ या आकड्यावर असते, म्हणजे फक्त डिस्क सिंक करण्याची परवानगी. कर्नलचे पर्याय ठरवणाऱ्या सिसकंट्रोलच्या फाइलमध्ये कर्नल.सिसआरक्यू ची किंमत १ करा. शिवाय एसएसएच चालत असेल तर रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) होऊन प्रॉकमधल्या, म्हणजे कर्नल आपली माहिती जिथे फाइलींसारखी दाखवतो त्या फोल्डरमधल्या, सिसआरक्यू-ट्रिगर फाइलमध्ये खाली सांगितलेलं अक्षर लिहिता येतं, आणि तिथे आकडा कितीही असला तरी परवानगी असते.

आल्ट आणि सिसआरक्यू धरून डब्ल्यू दाबलं की अडकून पडलेल्या, म्हणजे डी अवस्थेतल्या सगळ्या प्रक्रिया आणि त्या कर्नलमध्ये कुठल्या फंक्शनपाशी थांबल्या आहेत ते लॉगमध्ये उतरतं. एल दाबलं की प्रत्येक सीपीयू या क्षणी काय करतोय ते येतं. एम दाबलं की मेमरीचा हिशेब. या तिन्ही आधी. मग पाच-दहा सेकंद थांबा, जर्नलला लिहायला वेळ द्या. आर दाबलं की कीबोर्ड कंपोझिटरच्या हातून काढून कर्नलकडे येतो, आणि मग कंट्रोल-आल्ट-एफ३ बरेचदा चालून जातं. तरीही काही नाही झालं, तर एस, यू, बी, प्रत्येकामध्ये दोन-तीन सेकंद सोडून: डिस्क सिंक, फाइलसिस्टिम फक्त वाचनापुरती, आणि रीबूट. पॉवर बटण दाबून धरण्यापेक्षा हे केव्हाही बरं. फाइलसिस्टिम वाचते आणि पुरावाही.

तुमचा कंपाइलचा हँग मी जवळजवळ न बघता मेमरीवर टाकीन. कंपाइलची कामं वाटून देणारा निंजा, वेगळं काही न सांगता, सीपीयूंच्या संख्येहून दोन जास्त कामं एकदम सुरू करतो. तुमच्या प्रोसेसरला सोळा थ्रेड असतील तर अठरा कंपाइलर. टेम्प्लेटांनी भरलेली सी प्लस प्लसची एक फाइल एक-दीड जीबी सहज खाते, शेवटी सगळे तुकडे जोडणारा लिंकर त्याहून जास्त. वर ब्राउझर. आता स्वॅपकडे, म्हणजे रॅम भरल्यावर वापरायच्या जास्तीच्या जागेकडे, बघून तुम्ही म्हणाल की आठ जीबी स्वॅप आहे की! पण फेडोरा ३३ पासून हा स्वॅप झेडरॅमवर असतो. तो डिस्कवर नाही, रॅममध्येच दाबून ठेवलेला असतो. साध्या वेळी ही फार चांगली सोय आहे, पण दीड पट रॅम फुकट मिळाली असा तिचा अर्थ नाही.

अंदाजावर मात्र विसंबू नका, मोजा. प्रॉक फाइलसिस्टिमच्या प्रेशर फोल्डरमध्ये मेमरी नावाची फाइल आहे, कर्नल ४.२० पासून. तिच्यात सम आणि फुल अशा दोन ओळी असतात, दहा, साठ आणि तीनशे सेकंदांच्या सरासरीसह. फुलच्या ओळीत दहा सेकंदांची सरासरी ४० दिसली तर त्याचा अर्थ असा की गेल्या दहा सेकंदांतला ४० टक्के वेळ काम करू पाहणारी प्रत्येक प्रक्रिया मेमरीची वाट बघत नुसती उभी होती. फोनवरून एसएसएच करून ही फाइल दर सेकंदाला छापत ठेवा आणि मग कंपाइल सुरू करा. माउस अडखळायला लागेल तेव्हा आकडा कुठे आहे ते डोळ्यांनी दिसेल. तसं झालं तर निंजाला कामांची संख्या सहावर बांधून द्या, किंवा सिस्टिमडी-रनने कंपाइलला मेमरीची कमाल मर्यादा घालून द्या. अडकलेलं असतानाच सोडवायचं असेल तर सिसआरक्यूबरोबर एफ, त्याने कर्नल सगळ्यात जाड प्रक्रिया मारतो. कधी कंपाइलसकट अख्खं टर्मिनलच गायब झालं तर घाबरू नका, ते सिस्टिमडी-ओओएमडी या मेमरीवर पहारा ठेवणाऱ्या सेवेचं काम, तो एका गटातल्या सगळ्या प्रक्रिया एकदम मारतो.

यात रॉहाइडचाही हात असू शकतो. रॉहाइडचे कर्नल बरेचदा तपासणीचे पर्याय चालू ठेवून बांधलेले असतात, ते संथ चालतात आणि मेमरीही जास्त घेतात. बूट फोल्डरमधल्या कॉन्फिग फाइलमध्ये प्रूव्ह लॉकिंगची ओळ वाय असेल तर तुमचा कर्नल तसा आहे. पण लगेच तो काढून टाकू नका. या पर्यायामागचा लॉकडेप हा तपासनीस कर्नलमधल्या कुलुपांचा (एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या खुणांचा) क्रम तपासत असतो. दोन वाटांनी दोन कुलुपं उलटसुलट क्रमाने घेतलेली दिसली की तो प्रत्यक्ष गाठ बसण्याआधीच लॉगमध्ये इशारा देतो. मशीन अजून नीट चालू आहे, आणि लॉगमध्ये 'पॉसिबल सर्क्युलर लॉकिंग' अशी ओळ पडलेली आहे, यापेक्षा चांगला पुरावा मागून मिळत नाही.

व्हिडिओचा हँग मात्र वेगळा आहे, आणि त्याच्यावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण यातच माणसं सगळ्यात जास्त चुकतात. मीही चुकलो आहे.

आवाज चालू राहून चित्र गोठतं, म्हणजे बहुतेक ग्राफिक्स प्रोसेसर थांबला. एसएसएचने आत जाता आलं तर कर्नल लॉगमध्ये बघा. एएमडीजीपीयू (एएमडीचा ग्राफिक्स ड्रायव्हर) असेल तर रिंग, टाइमआउट आणि मागोमाग जीपीयू रीसेट अशा ओळी सापडतील. इंटेलच्या आय९१५ ड्रायव्हरमध्ये सरळ जीपीयू हँग असं लिहिलेलं येतं. पण ही ओळ सापडली म्हणजे कर्नलचा ड्रायव्हर दोषी, असं नाही. चित्र पडद्यावर येईपर्यंत चार जण त्याला हात लावतात: कंपोझिटर, मेसा (ग्राफिक्सची लायब्ररी), कर्नलमधला ड्रायव्हर, आणि चिपच्या आत चढवलं जाणारं फर्मवेअर. रॉहाइडमध्ये हे चारही एकाच आठवड्यात बदलू शकतात. टाइमआउटची ओळ कर्नल लिहितो, कारण लिहिण्याचं काम त्याचं आहे. चोरीची फिर्याद लिहून घेणारा हवालदार चोर नसतो.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एका लॅपटॉपवर असाच हँग होता. जुन्या कर्नलने बूट केलं की दिवसभर काही नाही, नव्याने केलं की दोन तासांत चित्र गोठायचं. याहून स्पष्ट काय असणार? मी दोन्ही आवृत्त्यांमध्ये गिट बायसेक्ट लावला. म्हणजे चांगली आणि वाईट यांच्या बरोबर मधली अवस्था बांधायची, चालवून बघायची, आणि उरलेल्या अर्ध्यात पुन्हा तेच. पहिली पायरी वाईट निघाली. दुसरी वाईट. पाचवी वाईट, आठवी वाईट. नऊ दिवस गेले, आणि एकही पायरी चांगली निघाली नाही. नाणं सलग आठ वेळा छापावरच पडलं की माणसाने नाणं हातात घेऊन बघावं. मग मी जो कर्नल चांगला म्हणून धरला होता, तोच स्वतःच्या हाताने नव्याने बांधला. तोही दोन तासांत गोठला.

गोम इनिटरॅमएफएसमध्ये होती. कर्नल बसवताना ड्राकट हा प्रोग्राम त्याच्यासाठी बूटची छोटी प्रतिमा, म्हणजेच इनिटरॅमएफएस, तयार करतो, आणि ग्राफिक्सचं फर्मवेअर त्या प्रतिमेतच गुंडाळलं जातं. नंतर लिनक्स-फर्मवेअरचं नवं पॅकेज आलं तरी फेडोरात जुन्या कर्नलची प्रतिमा आपोआप पुन्हा बांधली जात नाही. म्हणजे जुना कर्नल निवडला की मी नकळत जुनं फर्मवेअरही निवडत होतो. आणि बायसेक्टसाठी बांधलेल्या प्रत्येक कर्नलला, त्याचा कोड कितीही जुना असो, प्रतिमा आजची आणि फर्मवेअर आजचं मिळत होतं. प्रतिमेतल्या फाइलींची यादी देणारी एलएसइनिटआरडी कमांड लावून दोन्ही प्रतिमांमधल्या फर्मवेअर फाइलींचे आकार शेजारी ठेवले आणि दोन मिनिटांत दिसलं. फर्मवेअरचं पॅकेज एक पायरी मागे नेलं, ड्राकटने प्रतिमा जबरदस्तीने पुन्हा बांधून घेतली, आणि नवा कर्नल चार दिवस न थांबता चालला.

म्हणून तुम्हाला सांगतो, जुन्या कर्नलवर चालतं आणि नव्यावर नाही, हे वाक्य पुरावा म्हणून वापरण्याआधी जुन्या कर्नलची प्रतिमा आजच्या फर्मवेअरसह पुन्हा बांधून बघा. जुनी प्रतिमा आधी बाजूला जपून ठेवा. फर्मवेअर मागे नेलंत तरी प्रतिमा पुन्हा बांधल्याशिवाय काही बदलत नाही, हेही तितकंच लक्षात ठेवा.

तुमच्या बाबतीत त्याही आधी एक सोपी चाचणी आहे. एमपीव्ही या व्हिडिओ प्लेयरमध्ये एकच व्हिडिओ फाइल फिरत ठेवा, एकदा हार्डवेअर डिकोडिंग (व्हिडिओ उलगडण्याचं काम ग्राफिक्स चिपकडे देणं) चालू करून, एकदा बंद करून. चालू असतानाच गोठत असेल तर शोधाचं क्षेत्र एकदम लहान झालं. दोन्हीकडे गोठत असेल तर पॅनल सेल्फ रिफ्रेश ही पडद्याची वीजबचतीची सोय बंद करून पाहा. इंटेलला त्यासाठी आय९१५.इनेबल_पीएसआर=० असा बूट पॅरामीटर आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला. इंटरनेटवरून पाच पॅरामीटर एकदम उचलून टाकले आणि हँग थांबला, तर तुम्हाला काहीच कळलेलं नसतं, आणि ते पाचही पुढची दोन वर्षं तुमच्या ग्रबच्या (बूट करणाऱ्या प्रोग्रामच्या) ओळीत पडून राहतात.

पिंगही बंद पडतो अशा हँगसाठी डिस्कवरचा लॉग विसरा. तिथे नेटकन्सोल लागतो. कर्नल आपल्या ओळी थेट यूडीपी पॅकेटात घालून दुसऱ्या मशीनकडे फेकतो, नेहमीचा पोर्ट ६६६६. यासाठी लॅनची केबल हवी, वायफायवर जमत नाही. दुसऱ्या बाजूला जुना कुठलाही लॅपटॉप, त्यावर ते झेलणारा नेटकॅट, आणि आलेलं सगळं एका फाइलमध्ये. डीमेसेज कमांडला -एन ८ देऊन सगळ्या दर्जाच्या ओळी बाहेर पडतील असं करायला विसरू नका, नाहीतर दुसरीकडचा पडदा कोराच राहतो. माझ्या टेबलावर अशी एक जोडी कायम बांधलेली असते. एकदा रात्री पावणेदोनला चाचणीचं मशीन लटकलं. त्याच्या स्वतःच्या पडद्यावर अर्धवट उघडलेली खिडकी, बाकी काही नाही. शेजारच्या लॅपटॉपवर मात्र शेवटच्या तीन ओळी आल्या होत्या: एनव्हीएमई (एसएसडी डिस्कचा) कंट्रोलर बंद पडला आहे, रीसेट करतोय, आणि स्टेटसमध्ये सगळे एफ. म्हणजे डिस्कच बसवरून नाहीशी झाली होती. अशा वेळी त्या मशीनच्या लॉगमध्ये काहीही सापडणं शक्यच नव्हतं. ज्या डिस्कवर लिहायचं तीच गेलेली. एनव्हीएमईची वीजबचत बंद करणारा पॅरामीटर लावला, नेटकन्सोल तीन आठवडे तसाच ठेवला, ती ओळ पुन्हा आली नाही.

मशीन काम करताना नाही, रिकामं बसलेलं असताना लटकतं, असं दिसलं तर वीजबचतीवरच संशय घ्या. इंटेलच्या बे ट्रेल प्रोसेसरांचा तसा हँग कित्येक वर्षं गाजला, लोक सी-स्टेटची (प्रोसेसरच्या झोपेची) खोली एकवर बांधून चालवत. पहिल्या रायझनच्या काळातही बायोसमधला वीजपुरवठ्याच्या निष्क्रिय प्रवाहाचा पर्याय बदलल्यावर बऱ्याच जणांचे हँग थांबले.

कर्नलचे स्वतःचे पहारेकरीही कामाला लावा. एखादी प्रक्रिया डी अवस्थेत १२० सेकंद अडकून राहिली की हंग टास्कची ओळ येते, एखादा सीपीयू वीस सेकंदांहून जास्त कर्नलमध्येच घुटमळला की सॉफ्ट लॉकअपची. सिसकंट्रोलमधून यांना पॅनिक करायला, म्हणजे कर्नल जागीच थांबवायला, सांगितलं तर शेवटचा लॉग पीस्टोअर या सोयीमार्फत यूईएफआयच्या (आजच्या बायोसच्या) कायम टिकणाऱ्या मेमरीत उतरतो आणि पुढच्या बूटला सिस्टिमडी तो उचलून आपल्या फोल्डरमध्ये ठेवतो. कर्नल ६.१० पासून ग्राफिक्स ड्रायव्हरची साथ असेल तर पॅनिकचा मजकूर पडद्यावरही दिसू शकतो, आणि ६.१२ पासून क्यूआर कोडच्या रूपातही.

हे सगळं करण्याआधी एक रात्र रॅम तपासणारं मेमटेस्ट८६+ चालवा. रॅमची काडी खराब असेल तर ती दर वेळी वेगळ्या जागी वेगळा दोष दाखवते, आणि तुम्ही महिनाभर सॉफ्टवेअरला शिव्या देत राहता. ६.०० पासून ते यूईएफआयवरही चालतं, सबब उरलेली नाही.

आता दोषी पॅकेजपर्यंत पोहोचण्याबद्दल. फेडोरात पॅकेजेस बसवणाऱ्या डीएनएफची हिस्टरी उघडा आणि पहिल्या हँगच्या तारखेच्या आधीचे अपडेट बघा. अर्धे मागे नेऊन बघा, मग उरलेल्यातले अर्धे. रॉहाइडच्या भांडारात जुन्या आवृत्त्या राहत नाहीत, त्यामुळे डाउनग्रेड नुसता मागून मिळणार नाही, कोजी या फेडोराच्या बिल्ड सर्व्हरवरून पॅकेजेस उतरवून घ्यावी लागतात. कर्नलपर्यंत आलात तर गिट बायसेक्ट. दोन आवृत्त्यांमध्ये बारा-पंधरा हजार बदल असतात, तरी चौदा पायऱ्यांत एका बदलापर्यंत पोहोचता येतं. कर्नल बांधताना मेक कमांडला लोकलमॉडकॉन्फिग दिलं की तुमच्या मशीनला लागणारीच मॉड्यूल्स बांधली जातात आणि वेळ पुष्कळ वाचतो.

इथे एक हिशेब समजून घ्या, कारण कधीतरीच होणाऱ्या हँगचा बायसेक्ट याच ठिकाणी फसतो. समजा हँग सरासरी चार तासांतून एकदा होतो. एखादा कर्नल चार तास चालला म्हणून त्याला चांगला म्हणू नका, कारण वाईट कर्नलही निव्वळ नशिबाने तेवढं टिकण्याची शक्यता सदतीस टक्के आहे. बारा तास चालवलात तर ती पाच टक्क्यांवर येते. तरीही चौदांपैकी सात पायऱ्या अशा चांगल्या ठरल्या, तर एखादी तरी चूक होण्याची शक्यता तीस टक्क्यांच्या आसपास उरते, आणि एक चूक झाली की पुढचं सगळं भलत्याच दिशेला. वाईट हा निकाल पक्का असतो, चांगला हा निकाल कधीच तेवढा पक्का नसतो. म्हणून बायसेक्टच्या आधी दोन दिवस खर्च करून हँग लवकर घडवण्याची रीत शोधा. दोन व्हिडिओ एकदम, झाकण उघडझाक, बाह्य मॉनिटर लाव-काढ. चार तासांचा हँग दहा मिनिटांवर आला की चौदा पायऱ्या एका दिवसात होतात.

एक काळजीची गोष्ट. हा तुमचा एकमेव लॅपटॉप असेल तर त्यावर रॉहाइड ठेवू नका, निदान कर्नल तरी स्थिर आवृत्तीचा वापरा. २००८ मध्ये २.६.२७ च्या आरसी कर्नलांनी इंटेलच्या ई१०००ई नेटवर्क चिपांची आतली मेमरीच खराब केली, कार्डं निकामी झाली. सगळ्यांचा संशय ड्रायव्हरवर होता. कारण निघालं कर्नलमधलं एफट्रेस, फंक्शनांचा माग काढणारं साधन. मार्च २०२१ मध्ये ५.१२ च्या पहिल्या आरसीत स्वॅप फाइलचं लिखाण डिस्कवर भलत्याच जागी होत होतं, आणि लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्सनी त्या टॅगच्या नावातच 'डोन्टयूज' घातलं. हँग परवडला, असं म्हणायची वेळ येते. रोजचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर, आणि ती डिस्क एरवी काढून ठेवलेली.

दोष सापडला की कळवायला उशीर करू नका. कर्नलच्या प्रत्येक आवृत्तीसाठी नवे बदल पहिल्या दोन आठवड्यांत घेतले जातात, मग दर रविवारी एक आरसी, आणि सातव्या किंवा आठव्यानंतर अंतिम आवृत्ती. आधी चालत होतं ते मोडलं, या तक्रारीला तिथे फार मान आहे, आणि तिसऱ्या आरसीपर्यंत नेमका बदल दाखवून दिलात तर तो मागे घेतला जाण्याची खरोखर शक्यता असते. शेवटची चांगली आवृत्ती, पहिली वाईट आवृत्ती, हँग घडवण्याची रीत, आणि बूटपासूनचा पूर्ण लॉग मजकूर म्हणून द्या, पडद्याचा फोटो नको. प्रॉकमधला टेंटेड आकडाही (कर्नल बाहेरच्या गोष्टींनी बाटला आहे का ते सांगणारा) द्या. तो शून्य नसेल आणि कर्नलबाहेरचं एखादं मॉड्यूल चढवलेलं असेल, तर ते काढून हँग पुन्हा घडवून दाखवा, नाहीतर पहिला प्रश्न तोच येतो. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं. मी स्वतः तीन ओळींच्या तक्रारीवर दुसऱ्या दिवशी दुरुस्तीचा पॅच आलेला पाहिला आहे, कारण त्या तीन ओळींत बदलाचा नेमका क्रमांक होता.

तर आज रात्री सिसआरक्यूची किंमत १ करा, जर्नलचा अवधी दहा सेकंदांवर आणा, एसएसएच सर्व्हर चालू करा आणि मेमटेस्ट लावून झोपा. उद्या आधी मेमरीच्या प्रेशरचा आकडा बघत एक कंपाइल, मग एमपीव्हीची चाचणी. व्हिडिओ गोठला की पिंग, एसएसएच, आणि सिसआरक्यूबरोबर डब्ल्यू आणि एल. त्यानंतरचा मागच्या बूटचा कर्नल लॉग, चालू कर्नलचं पूर्ण नाव आणि लिनक्स-फर्मवेअरची आवृत्ती एवढ्या तीन गोष्टी मला पाठवा. ड्रायव्हरचं बोलायला आपल्याला तेव्हा काहीतरी हाती असेल.